दोन पिनांचं पान

आमच्या बाईंच्या पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या असायच्या, खडूचे तुकडे असायचे आणि एक स्टेपलर असायचा. गोळ्या आणि खडू कुठल्याही शिक्षिकेकडे सापडतील. स्टेपलरमुळे आम्ही त्यांना पिनबाई म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर ‘पिनबाई आल्या’ असं लिहून ठेवलं, तर त्यांनी त्याखाली ‘आणि वह्या तपासून आणल्या’ असं लिहिलं आणि मुकाट्यानं शिकवायला सुरुवात केली.

एकतीस वर्षं त्यांनी ड तुकडी सांभाळली. अ मध्ये हुशार मुलं, ब मध्ये बरी, क मध्ये कशीबशी पास होणारी आणि ड मध्ये ज्यांचं काय करायचं हे शाळेला सुचत नव्हतं ती सगळी. मी त्यातलीच. माझा आवाज मोठा आणि हात पटकन उठायचा, म्हणून मला भोंगा म्हणत. माझ्या शेजारी बसणारा मुलगा सायकलच्या घंट्या चोरायचा. अख्खी सायकल बिनकुलपाची समोर असली तरी हा फक्त घंटी काढणार. का, ते त्यालाही सांगता यायचं नाही. त्याला आम्ही घंटीवाला म्हणायचो. एक मुलगी पहाटे बेकरीत काम करून यायची आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची. बाई तिला उठवत नसत. आम्ही आवाज केला तर आम्हालाच बाहेर काढत.

म्हणून बाई प्रेमळ होत्या असं कोणी समजू नये. डोक्यावरून हात फिरवणं, ‘बाळा’ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या टोचून बोलायच्या. माझी वही बघून म्हणायच्या, “भोंगा, हे अक्षर आहे की मुंग्यांची मिरवणूक?” पण त्यांनी कधी कोणाला खोटं सांगितलं नाही, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगितलं नाही. ज्या घरांतून आम्ही येत होतो तिथे या दोन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या.

आता स्टेपलरचं सांगते. शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई प्रत्येकाला एक कोरं पान द्यायच्या. वर तारीख लिहायची, ही एकच सक्ती. खाली काय वाटेल ते लिहा. शिव्या लिहा, चित्र काढा, नाहीतर कोरं ठेवा. मग पानाची घडी घालून बाहेरच्या बाजूला नाव टाकायचं आणि बाईंच्या टेबलापाशी जाऊन स्वतःच्या हातानं पिन मारायची. एक पिन मारली तर बाई ते पान वाचणार. दोन पिना मारल्या तर वाचणार नाहीत, नुसतं सांभाळणार. पत्र्याच्या एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात ती पानं जायची. शाळा सोडताना ज्याची त्यानं परत न्यायची.

तो डबा वर्गातल्याच कपाटात असायचा आणि कपाटाला कुलूप नव्हतं. डबा आणायचं काम बाईंनी मुद्दाम घंटीवाल्याकडे दिलं होतं. वर्गात हाणामाऱ्या झाल्या, जेवणाचे डबे पळवले गेले, एकाच्या बुटांत शाई ओतली गेली, पण दुसऱ्याचं दोन पिनांचं पान कोणी उघडलं नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाचं स्वतःचं एकतरी त्या डब्यात होतं, एवढंच.

माझं दोन पिनांचं पान एकच होतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यात काय होतं ते आता लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या गावानं तिकीट काढून बघितलंय.

मी आठ वर्षांची असताना आईनं आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलाण्यावर नव्हे, आमच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ठेवलं होतं आणि ती मागे कपडे धुवायला गेली होती. मला चमच्यात मेणाच्या रंगखडूचे तुकडे वितळवून बघायचे होते. शेगडी तर अडलेली. मी फडक्यानं धरून ते उकळतं भांडं उतरवलं, शेजारच्या स्टुलाच्या कडेला ठेवलं आणि चमचा जाळावर धरला. माझा अडीच वर्षांचा भाऊ दुडुदुडु चालत आला आणि त्यानं भांडं ओढलं. आई धावत आली तेव्हा मी म्हणाले, “तूच इथं ठेवलं होतंस.” आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिलाही वाटलं की आपणच ठेवलं असणार.

मी लगेच त्याच्या हातावर गार पाणी ओतलं होतं, त्यामुळे हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. मी घरात शहाणी ठरले. आई ठरली निष्काळजी. बाबांनी ते तिला मरेपर्यंत ऐकवलं. अजूनही आई स्वयंपाकघरातून बाहेर पडताना शेगडीजवळचं प्रत्येक भांडं दोन बोटांनी भिंतीकडे ढकलते, आणि दारापाशी जाऊन परत येते आणि पुन्हा ढकलते. रिकामं असलं तरी.

शाळा सोडताना बाईंनी डबा पुढे केला. मी माझी एक पिनवाली पानं घेतली आणि ते एक तिथेच ठेवलं. म्हटलं, “हे तुमच्याकडेच असू दे बाई. घरी कुठे ठेवू?” त्या म्हणाल्या, “असू दे.” बास, एवढंच बोलणं झालं.

पुढे मी गाडी चालवायला शिकले आणि मग शिकवायला लागले. माझ्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. घाबरलेल्या माणसांवर ओरडायचं नसतं हे मी बाईंकडूनच शिकले, तरी ओरडतेच. वर्षातून एखादी चक्कर बाईंकडे व्हायची. चप्पल-बूट दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. चहा करायच्या, माझ्या आवाजाला नावं ठेवायच्या. पानाचा विषय कधी निघाला नाही.

बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं तेव्हा तो आला. सिनेमे लिहिणारा आणि काढणारा माणूस. उकाड्यातसुद्धा गळ्यात मफलर, म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. मफलरला बिघडलेल्या मुलांवर आणि त्यांच्या शिक्षकांवर पिक्चर काढायचा होता. “खराखुरा” हा त्याचा आवडता शब्द. सहा महिने तो ड तुकडीत शेवटच्या बाकावर बसला, बाईंच्या घरी येऊन चहा प्यायला, वहीत लिहून घेत राहिला.

त्या वर्षी मी बाईंना भेटले तेव्हा त्यांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. खुर्चीवर नवं कव्हर होतं. मला म्हणाल्या, “अगं, तो विचारतो, ऐकतो. एकतीस वर्षांत मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गात पाऊल टाकलं ते तक्रार घेऊन. हा म्हणतो, तुम्ही काय करता ते लोकांना कळायला पाहिजे.” हे सांगताना त्या चक्क लाजल्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाजताना पाहिलं आणि मलाही बरं वाटलं. माझ्या बाईंवर पिक्चर! मी शिकाऊ मंडळींना गाडी चालवताना ते सांगत सुटले. एकानं ऐकता ऐकता खांबाला आरसा घासला.

पिक्चर लागला तेव्हा बाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. त्यांनी स्वतः फोन करकरून जुन्या मुलांना बोलावलं. दुपारचा खेळ होता. तीसेक जण आलो. घंटीवाला आला, आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. बेकरीवाली आली, स्वतःच्या बेकरीतून केक घेऊन. मी आईला आणलं. बाईंनी त्या दिवसासाठी नवे बूट घेतले होते, ते चावत होते, आणि तरी त्या आमच्या दोन रांगांपुढून दोनदा चालत गेल्या. सगळे आलेत ना, हे मोजत होत्या.

अंधार झाला. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की बाई त्यात नाहीतच. त्यांच्या जागी एक देखणा तरुण मास्तर, मोटारसायकलवरून येणारा, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. स्टेपलर होता. तो एका खडूस, सुकलेल्या म्हातारीच्या हातात होता. ती मुलांच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या स्टेपल करून घरी पाठवायची आणि तरुण मास्तरला छळायची. तिचा स्वेटर बाईंच्या स्वेटरसारखाच करडा. तिच्या तोंडी वाक्य होतं, “हे अक्षर आहे की मुंग्यांची मिरवणूक?” आणि ते ऐकून पडद्यावरची मुलगी रडते. थिएटरमध्ये कोणीतरी च्च केलं. मी तर त्या वाक्यावर नेहमी हसत आले होते!

पिक्चर म्हणून तर तो टाकाऊच होता. मुलं बिघडलेली म्हणजे केस विस्कटलेली. मास्तर बासरी वाजवतो की पोरं लगेच गणितात पास. घंटीवाला माझ्या मागून कुजबुजला, “आपल्या वेळी एवढं सोपं नव्हतं बुवा.” मी हसले. त्या दुपारचं माझं ते शेवटचं हसू.

कारण मग पडद्यावर शेगडी आली. भांडं आलं. एक मुलगी चमच्यात रंगखडूचे तुकडे टाकत होती.

चमचा होता, रंगखडू होते, स्टुलाची कड होती. “तूच इथं ठेवलं होतंस,” ती मुलगी म्हणाली, माझ्याच शब्दांत. मी मान खाली घातली. पुढचं मी नुसतं ऐकलं. तो मास्तर तिची चिठ्ठी फोडतो, सगळ्या वर्गासमोर तिला उभी करतो, मोठ्यानं वाचायला लावतो. ती हुंदके देते, व्हायोलिन वाजतं, मग एक मुलगा टाळी वाजवतो, मग दुसरा, मग सगळा वर्ग. झालं! मुलगी सुधारली. पुढच्या दृश्यात ती पळण्याच्या शर्यतीत पहिली येते.

आईनं अंधारात माझा हात धरला. “बघ गं,” ती हळूच म्हणाली, “अगदी आपल्या घरातलं दाखवलंय. फक्त आपल्याकडे चूक माझी होती.”

मी मान खालीच ठेवली.

“काय पण पोरगी,” आई म्हणाली. “आईवर ढकलून मोकळी झाली. त्या बिचारीनं जन्मभर काय सोसलं असेल! माझं नशीब की माझ्याजवळ तू होतीस.” आणि तिनं माझा हात थोपटला.

दिवे लागले. बाई उठल्या नाहीत. अंधारात त्यांनी बूट काढून ठेवले होते, त्यातला एक सापडत नव्हता. घंटीवाला खुर्च्यांखाली रांगत गेला आणि घेऊन आला. त्यांच्या पायात घालायला वाकला, तर बाईंनी तो त्याच्या हातातून ओढून घेतला. केक कोणी कापला नाही. मी आईला घेऊन बाईंकडे न बघता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन्ही विद्यार्थी रद्द केले आणि बाईंच्या जिन्यावर गेले. दार उघडंच होतं. टेबलावर तो पत्र्याचा डबा होता. माझी वाट बघत असल्यासारख्या त्या बसल्या होत्या.

“तुम्ही दिलंत त्याला,” मी म्हणाले. आवाज मोठाच लागला. खाली दुकानातली हातोडी थांबली.

“डबा दिला,” बाई म्हणाल्या. “एक पिनवाली बघ म्हटलं, तीही नावं न घेता. दोन पिनवाल्यांना हात लावायचा नाही, हेही सांगितलं. आठवड्यानं परत आणून दिला.”

“सांगितलंत? नुसतं सांगितलंत? आणि घरी नेऊ दिलात?”

“ड तुकडीला सांगून पुरलं होतं,” बाई म्हणाल्या. “एवढा शिकलेला माणूस. मला वाटलं, त्याला तर पुरेलच.”

मी खाली बसले. राग आला होता, पण त्यांची चूक कळत होती. त्या चाळीस उनाड पोरांवर विश्वास टाकत आल्या होत्या आणि तो कधी वाया गेला नव्हता. विश्वास वाया जातो हे त्यांना माहीतच नसावं. मी जवळजवळ त्यांना माफ करणार होते. पण बाईंना खोटं बोलता येत नाही, ही त्यांची जुनी खोड.

“अजून एक आहे,” त्या म्हणाल्या. “दोन पिना मारल्या की पानाला चार भोकं पडतात. डबा परत आला तेव्हा मी सगळी पानं पाहिली. अकरा पानांना आठ-आठ भोकं होती. त्यानं उघडून वाचून परत पिना मारल्या होत्या. मी फोन केला. म्हणाला, चुकून उघडली बाई, वापरणार नाही, शब्द देतो.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

“वर्षभर?”

“दीड वर्ष.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत. उलट फोन करून बोलावलंत. मी माझ्या आईला घेऊन आले, बाई!”

त्यांनी डबा जवळ ओढला. मग म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता, पिक्चर थांबला असता. मला तो हवा होता गं. निदान एकदा कोणी बघावं की मी काय केलं, असं वाटलं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं.”

मफलरनं मला फसवलं याचं मला एवढं काही वाटलं नाही. तो माझा कोण? पण बाईंनी! ज्या एका माणसाला मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाचायला नव्हे, नुसती ठेवायला दिली होती, तिनं ती भोकं मोजली आणि गप्प बसली. मला तिथे रडू आलं आणि रडू येतंय याचा आणखी राग आला.

“वाचलंत तुम्ही माझं?”

“नाही. अजूनही नाही.” त्यांनी डब्यातून एक घडी काढली आणि पुढे केली. “पण काल ती शेगडी आली, एक पिनवाल्या कुठल्याच पानात नसलेली, तेव्हा मी रांगेकडे पाहिलं, कोणाची मान खाली जाते ते. तुझी गेली.”

घडीवर माझं नाव होतं, मुंग्यांच्या अक्षरात. भोकं आठ. मी ती घेतली आणि चहा न घेता निघाले. जिन्यात मागून आवाज आला, “बाकीच्या दहाजणांकडेही मीच जाणार आहे. आज. एकेकाकडे.” मी वळून पाहिलं नाही. त्यांच्या पायात कालचेच चावके बूट होते, तेवढं निघताना दिसलं होतं.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात होती. चहा गाळून झाला होता. तिनं भांडं भिंतीकडे सरकवलं, दोन बोटांनी. दारापर्यंत आली, परत गेली आणि पुन्हा सरकवलं.

“आई,” मी म्हणाले, “ते भांडं तू ठेवलं नव्हतंस. मी ठेवलं होतं.”

“कुठलं?”

“तेव्हाचं. मी उतरवलं. चमच्यात रंगखडू वितळवायला. आणि तुझ्यावर ढकललं.”

आई माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. “काहीतरीच तुझं. तो पिक्चर डोक्यातून काढ बघू आता. चहा घे.”

तेवीस वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं. आता ते माझं राहिलंच नव्हतं. पडद्यावरच्या त्या रडव्या पोरीचं झालं होतं.

मी नखानं पिना काढल्या आणि पान तिच्यापुढे ठेवलं. आईनं चष्मा लावला. सगळ्यात वर, बाईंच्या सक्तीनं लिहिलेली तारीख होती. ती तिनं दोनदा वाचली आणि बोटांवर वर्षं मोजली. मग खालचं वाचलं, ओळीवर बोट ठेवून, अगदी शेवटपर्यंत. चहावर साय धरली.

तिनं पानाची होती तशीच घडी घातली.

“बाईंनी वाचलं होतं हे?”

“नाही.”

“पण त्या पिक्चरवाल्यानं वाचलं.”

“हो.”

आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे काल त्या थिएटरात बसलेल्या सगळ्यांना तू माझ्याआधी सांगितलंस,” ती म्हणाली, “आणि मी तुझा हात धरून बसले होते.”